एशिया चार्ट हाताने काढला तर सी येतंय, सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर बी, नक्की कुठे चुकतंय?

रात्रपाळीची_डॉक्टर

नमस्कार. मी पीएमआरची (पुनर्वसन वैद्यक) पहिल्या वर्षाची रेसिडेंट आहे, स्पायनल कॉर्ड इंज्युरीच्या वॉर्डात पोस्टिंग लागून दीड महिना झालाय. एका पेशंटच्या एशिया चार्टवर (मज्जारज्जूच्या इजेची तपासणी आकड्यांत मांडायचा कागद, त्यावरून ए ते ई असा एआयएस ग्रेड निघतो: ए म्हणजे टोकापर्यंत काहीच नाही, बी म्हणजे नुसती संवेदना, सी-डी म्हणजे हालचाल पण, ई म्हणजे नॉर्मल) काल रात्रीपासून अडकलेय, कोणीतरी नीट समजावून सांगा.

तरुण पेशंट आहे, मानेला मार, पाचवा दिवस. पूर्ण तपासणी मी स्वतः केली, जवळजवळ पाऊण तास लागला. सेन्सरी म्हणजे संवेदना (० नाही, १ बदललेली, २ नॉर्मल; पातळ्यांमध्ये सी मान, टी पाठ, एल कंबर, एस त्याच्या खाली) दोन्ही बाजूंनी सी५ पर्यंत नॉर्मल, सी६ ला लाईट टच १ आणि पिन प्रिक पण १, त्याच्या खाली लाईट टच कुठे १ कुठे ०, पिन प्रिक टी४ पासून खाली सगळं ०. एस४-५ ला लाईट टच दोन्हीकडे १, पिन ०. पीआर म्हणजे गुदद्वाराची बोटाने तपासणी केली तर खोल दाब कळतोय म्हणजे डीएपी हो, पण आवळायला सांगितलं तर काहीच नाही म्हणजे व्हीएसी नाही.

मोटर म्हणजे स्नायूंची ताकद (० ते ५) उजवीकडे सी५ पासून टी१ पर्यंत ५, ५, ३, १, १ आणि डावीकडे ५, ४, २, ०, ०. पाय दोन्ही पूर्ण शून्य.

हाताने काढलं तेव्हा न्यूरॉलॉजिकल लेव्हल (दोन्ही बाजूंनी संवेदना नॉर्मल आणि ताकद निदान ३ आहे अशी सगळ्यात खालची पातळी) सी५ आली. मग मी मोजलं की सी५ च्या खाली सी६, सी७, सी८ या तीन लेव्हल आणि उजवीकडे टी१ ला पण १ आहे, म्हणजे तीनपेक्षा जास्त लेव्हल खाली मोटर आहे, म्हणून एआयएस सी लिहिलं. राऊंडला तसंच सांगितलं पण. नंतर ऑनलाईन कॅल्क्युलेटरमध्ये सगळे आकडे भरले तर तो बी देतोय, तीनदा भरून बघितलं तरी बीच. सॉफ्टवेअर चुकतंय की मी? आणि असं वेगळं आलं तर फाईलमध्ये कुठलं लिहायचं?

कण्याची_फिजिओ

डॉक्टर, आधी एक सांगते, एवढे सगळे आकडे व्यवस्थित लिहिलेत त्यामुळे उत्तर देता येतंय, नाहीतर लोक नुसतं "सी की बी" विचारतात आणि मग अंदाजच करत बसावं लागतं.

सॉफ्टवेअर बरोबर आहे. तुमची तपासणी पण बरोबर दिसतेय, फक्त मोजायला सुरुवात चुकीच्या जागेवरून झालीय, आणि ही चूक मी गेल्या बावीस वर्षांत इतक्या जणांकडून बघितलीय की आता आमच्याकडे नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवते. बी आणि सी वेगळं करताना "तीनपेक्षा जास्त लेव्हल खाली" हे मोजायचं त्या त्या बाजूच्या मोटर लेव्हलपासून (वरचे सगळे ५ असताना ज्याला ३ किंवा वर ग्रेड आहे तो सगळ्यात खालचा स्नायू), न्यूरॉलॉजिकल लेव्हलपासून नाही. न्यूरॉलॉजिकल लेव्हल लागते पुढच्या पायरीला, सी आणि डी वेगळं करताना, तिथे मात्र त्या एका लेव्हलच्या खालच्या सगळ्या की मसल्सपैकी (चार्टवर ठरवून दिलेले स्नायू) निम्म्या किंवा जास्त मसल्सना ३ किंवा वर ग्रेड आहे का ते बघतात. दोन पायऱ्या, दोन वेगळ्या लेव्हल, आणि दोन्हीकडे "खाली" हाच शब्द, म्हणून घोळ होतो.

आता तुमच्याच पेशंटवर लावून बघा. उजवीकडे सी७ ला ३ आहे आणि वरचे सी५, सी६ दोन्ही ५, सेन्सरी सी४ नॉर्मल, म्हणून उजवी मोटर लेव्हल सी७. त्याच्या खाली सी८, टी१, टी२ या झाल्या तीन. तीनपेक्षा जास्त म्हणजे टी३ किंवा त्याच्या खाली काहीतरी हालचाल पाहिजे. तुमचा तो टी१ चा १ दुसऱ्याच पायरीवर अडकला. डावीकडे सी६ ला ४ आणि सी५ ला ५, म्हणून मोटर लेव्हल सी६, खाली तीन म्हणजे सी७, सी८, टी१, आणि तिथे सी७ च्या २ नंतर काहीच नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी अट पूर्ण होत नाही. एस४-५ ला स्पर्श कळतोय, डीएपी पण आहे, म्हणून ए नाही. राहिलं बी.

पण फाईलमध्ये बी लिहायच्या आधी दोन गोष्टी परत बघा. एक, उजव्या सी८ ची ती १ ग्रेड मनगट सरळ धरून बघितलीत का? सी६ चांगला असलेला पेशंट मनगट वर उचलतो आणि बोटं आपोआप मिटतात, नवीन माणसाला वाटतं बोटं हलली. मनगट एका हाताने पक्कं धरायचं, मधल्या बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हाताने धरायचं, आणि मग फक्त टोकाचं पेर वाकवायला सांगायचं. दोन, नॉन-की मसल्स, म्हणजे त्या ठरलेल्या यादीबाहेरचे. बी वाटतोय अशा पेशंटमध्ये मांडी आत ओढणं, गुडघा वाकवणं, पायाची बोटं मिटणं हे बघायलाच पाहिजे, कारण यातलं काहीही स्वतःच्या मनाने जरासं जरी झालं तरी तो सी होतो. कॅल्क्युलेटरमध्ये त्याचा वेगळा खाना असतो, बरेच जण तो रिकामाच सोडतात.

रात्रपाळीची_डॉक्टर

मॅडम खूप खूप धन्यवाद, तुमचं वाचून मी कागदावर परत मांडलं आणि आता लख्ख कळलं. सी८ मी मनगट धरूनच बघितलं होतं, त्याची खात्री आहे. पण नॉन-कीचा खाना मी खरंच रिकामा सोडला होता, मला वाटलं ते ऑप्शनल आहे. उद्या सकाळी परत तपासते.

अजून एक विचारू का? माझ्या सिनियरने त्यांच्या फोनमधल्या एका जुन्या ॲपमध्ये हेच आकडे टाकले, बी त्यालाही आलं पण झेडपीपीच्या (इजेच्या खाली जिथपर्यंत थोडंफार उरलंय तो पट्टा) जागी काहीच दाखवलं नाही, आणि मी वापरलेल्या वेबसाईटवर मोटर झेडपीपी उजवीकडे टी१, डावीकडे सी७ असं आलं आणि सेन्सरीच्या जागी "लागू नाही". दोन सॉफ्टवेअर, दोन उत्तरं, मग विश्वास कशावर ठेवायचा?

सांकेतिक_आकडे

हे माझ्या कामातलं आहे म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, प्रोग्रामर आहे, एका स्पायनल इंज्युरी रजिस्ट्रीसाठी स्कोअरिंगचं मॉड्यूल लिहायचं काम चार वर्षं करतोय.

तुमच्या सिनियरचं ॲप बिघडलेलं नाहीये, जुन्या नियमावर चालतंय. आधी झेडपीपी, म्हणजे झोन ऑफ पार्शल प्रिझर्व्हेशन, फक्त एआयएस ए वाल्या पेशंटमध्येच लिहायचे. २०१९ च्या सुधारणेत ते बदललं. आता ए, बी, सी असं अक्षर बघायचं नाही, एस४-५ ला काय आहे ते बघायचं. व्हीएसी नसेल तर मोटर झेडपीपी लिहायचा, आणि एस४-५ ला लाईट टच, पिन प्रिक, डीएपी यातलं काहीच नसेल तर त्या बाजूचा सेन्सरी झेडपीपी लिहायचा. तुमच्या पेशंटला व्हीएसी नाही, म्हणून मोटर झेडपीपी लागू, उजवीकडे सगळ्यात खालची हालचाल टी१ ला, डावीकडे सी७ ला, अगदी बरोबर. डीएपी आहे म्हणून सेन्सरी झेडपीपी लागू नाही. त्यामुळे कुठलंही कॅल्क्युलेटर उघडलं की आधी शोधायचं की हे कुठल्या सालच्या नियमावर आहे, ते कुठेच लिहिलेलं नसेल तर मी स्वतः तरी ते वापरणार नाही.

नावाजलेली दोन माहीत असावीत. एक युरोपातल्या ईएमएससीआय नेटवर्कचं आणि दुसरं कॅनडातल्या प्रॅक्सिसचं, म्हणजे पूर्वीचं रिक हॅन्सन इन्स्टिट्यूट. प्रॅक्सिसवाल्यांनी कोड पण खुला ठेवलाय, मी तो ओळ न ओळ वाचलाय, आणि खरं सांगतो, तो वाचताना पहिल्यांदा कळलं की या चार्टचे नियम किती गुंतलेले आहेत. वरून बघितलं तर बेरीज वाटते. एका बाजूला २८ डर्मॅटोम (संवेदना तपासायचे त्वचेचे पट्टे), प्रत्येकी दोन प्रकारचं सेन्सेशन, दोन बाजू, झाले ११२ खाने, त्यात २० की मसल्स आणि वर व्हीएसी-डीएपी, म्हणजे १३४ नोंदी. बेरीज शाळेतलं पोर पण करेल. अवघड आहे लेव्हल. टी२ ते एल१ मध्ये की मसलच नाही, तिथे मोटर लेव्हल सेन्सरीवरून धरायची, पण कधी, तर वरच्या सगळ्या तपासता येण्याजोग्या मसल्स नॉर्मल असतील तेव्हाच. सी१ ते सी४ चं तसंच. माणूस रात्री दोन वाजता हे सगळं डोक्यात ठेवून बिनचूक करेल ही अपेक्षाच मला चुकीची वाटते, आणि म्हणून मी ठामपणे सांगतो की वर्गीकरण मशीननेच करावं.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त वाटतं ते सांगतो. एनटी. म्हणजे तपासता आलं नाही. आमच्याकडे सुरुवातीला एका ठिकाणहून जो डेटा यायचा त्यात रिकाम्या खान्याला फॉर्म आपोआप ० भरत होता. एका पेशंटचा डावा पाय गुडघ्याखाली प्लास्टरमध्ये होता, तपासणाऱ्याने एल४, एल५, एस१ मोकळे सोडले, फॉर्मने तिथे शून्य घातले, आणि पायांचा मोटर स्कोअर सरळ खाली आला. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, परत तपासणी झाली, स्कोअर एकदम ११ ने वाढला. कागदावर मोठी सुधारणा. प्रत्यक्षात त्या पायात पहिल्या दिवसापासून तेवढीच ताकद होती. हे असं किती जणांचं झालं असेल म्हणून आम्ही मागचे सगळे रेकॉर्ड उघडून बसलो, दोन महिने गेले त्यात. शून्य म्हणजे "बघितलं आणि नाहीये", एनटी म्हणजे "बघताच आलं नाही", या दोन्हीत फार मोठं अंतर आहे आणि सॉफ्टवेअर ते स्वतःहून ओळखू शकत नाही.

चांगली कॅल्क्युलेटर एनटी असलं की त्या जागी शक्य ते सगळे आकडे धरून बघतात, कुठलाही धरला तरी लेव्हल किंवा ग्रेड तीच येत असेल तर ती देतात, नाहीतर सरळ सांगतात की ठरवता येत नाही. म्हणजे सेन्सरी लेव्हल टी५ ला संपलीय आणि टी८ ची एक पिन एनटी आहे, तर लेव्हलला काही फरक नाही, फक्त पिन प्रिकची एकूण बेरीज देता येणार नाही. पण एस४-५ ला सगळं ० आणि डीएपीच एनटी असेल तर ए की आणखी काही हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि सॉफ्टवेअरने तिथे ए छापलं तर ते सॉफ्टवेअर टाकून द्या.

हात_पाय_ओटी

सांकेतिक यांच्या एनटीच्या मुद्द्याला शंभर टक्के पाठिंबा. पण "वर्गीकरण मशीननेच करावं" याला माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, विद्यार्थ्यांना शिकवते. गेल्या काही बॅचमध्ये बघतेय की मुलं तपासणी झाली की थेट आकडे फोनमध्ये टाकतात, अक्षर आलं की लिहून मोकळी. त्यांना विचारलं ही मोटर लेव्हल कशी आली तर सांगता येत नाही. मग आकडा चुकीचा पडला तरी कळत नाही, कारण उत्तर काय यायला हवं याचा अंदाजच मनात नसतो. वर डॉक्टरांनी काय केलं बघा, आधी हाताने काढलं म्हणून तर त्यांना फरक दिसला आणि त्या इथे विचारायला आल्या! थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकलं असतं तर बी लिहून मोकळ्या झाल्या असत्या, आणि नॉन-की मसल्सचा रिकामा खाना कायम रिकामाच राहिला असता.

एक उदाहरण देते, माझ्या डोळ्यासमोर झालेलं. पेशंटची इजा टी१० ची, दोन्ही हात ठणठणीत, फक्त उजवं कोपर लहानपणी मोडलेलं आणि वाकडं जुळलेलं, त्यामुळे ट्रायसेप्सला ग्रेड ४. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सी७ ला ४ टाकलं. सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे उजवी मोटर लेव्हल सी७ दिली आणि न्यूरॉलॉजिकल लेव्हल पण सी७. आता पुढे काय झालं बघा. पायांच्या दहा की मसल्सपैकी तिघांनाच ३ किंवा वर ग्रेड होती. टी१० धरलं तर दहापैकी तीन, निम्म्यापेक्षा कमी, म्हणून सी. पण लेव्हल सी७ धरल्यावर खालच्या मसल्समध्ये दोन्ही हातांचे सी८ आणि टी१ पण आले, एकूण १४ झाल्या, आणि ते चारही ५ ग्रेडचे, म्हणजे १४ पैकी ७, बरोबर निम्म्या. झाला डी! एका जुन्या कोपरामुळे. सॉफ्टवेअरने एकही नियम मोडला नाही.

यासाठी २०१९ मध्ये ताऱ्याची खूण आणलीय. इजेशी संबंध नसलेल्या कारणाने आकडा कमी आला असेल तर त्या आकड्यापुढे तारा, आणि शेऱ्यात लिहायचं की कारण काय आणि वर्गीकरणासाठी तो नॉर्मल धरायचा की नाही. ४ च्या पुढे तारा, शेऱ्यात "जुनं कोपराचं फ्रॅक्चर, नॉर्मल धरावा", बस. पण तो तारा टाकायचं सुचायला पेशंटच्या कोपराकडे बघावं लागतं, त्याला विचारावं लागतं, आणि टी१० च्या पेशंटला सी७ लेव्हल आली तर "हे कसं काय" असं मनात यावं लागतं. ते यायला हाताने पन्नास चार्ट काढलेले असावे लागतात.

सांकेतिक_आकडे

ताई, पटलं, आणि तुमचं कोपराचं उदाहरण मी आमच्या टेस्ट केसमध्ये घालतोय, तुमची हरकत नसेल तर. शिकताना हाताने काढावं यात वादच नाही. माझं म्हणणं एवढंच की शेवटी नोंद होणारं वर्गीकरण मशीनकडून तपासून घ्यावं, खासकरून जिथे दहा ठिकाणांहून डेटा एकत्र येतो, कारण तिथे प्रत्येक जण नियमाचा आपापला अर्थ लावायला लागला तर एका ठिकाणचा सी आणि दुसऱ्या ठिकाणचा सी एकच आहे का याचीच खात्री राहत नाही. औषधाच्या ट्रायलमध्ये याच अक्षरावर पेशंट घ्यायचा की नाही ठरतं.

हात_पाय_ओटी

घाला ना, जरूर घाला. आणि हो, ट्रायलसाठी मान्य. १९६९ च्या फ्रँकेल ग्रेडपासून १९९२ मध्ये एआयएस आलं तेच मुळात यासाठी की फ्रँकेलमध्ये "उपयोगी ताकद" म्हणजे नक्की किती हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं होतं. मोजमाप पक्कं व्हावं म्हणूनच ही सगळी धडपड आहे, ते मला माहीत आहे. तपासणारा माणूस मोजणीतून बाहेर पडू नये एवढंच मला म्हणायचंय.

धाकटा_भाऊ

मी डॉक्टर वगैरे नाही, तुमच्यात बोलावं की नाही कळत नव्हतं. माझ्या मोठ्या भावाला चार महिन्यांपूर्वी पाठीला मार लागला. पहिल्या रिपोर्टवर एआयएस सी लिहिलं होतं, आम्ही सगळ्यांनी इंटरनेटवर वाचलं की सी म्हणजे हालचाल आहे, घरात खूप आनंद झाला होता. नंतर दुसऱ्या ठिकाणी नेलं तिथे कॉम्प्युटरवर काढलेला रिपोर्ट दिला त्यावर बी आहे. भाऊ त्या दिवसापासून व्यायाम करायला तयार नाही, म्हणतो मी खाली घसरलो, आता काय उपयोग. इथे वाचून वाटलं की मोजण्यात फरक पडू शकतो. तसं असेल का? आम्ही काय विचारायचं डॉक्टरांना?

कण्याची_फिजिओ

दादा, बोललात ते फार बरं केलंत, हा धागा तुमच्यासाठीच जास्त महत्त्वाचा आहे.

तुमच्या भावाला न तपासता मी सांगू शकत नाही की नक्की काय झालं, पण काय विचारायचं ते सांगते. दोन्ही वेळच्या पूर्ण चार्टची कॉपी मागून घ्या, नुसतं अक्षर लिहिलेलं पान नाही, माणसाच्या शरीराचं पुढून-मागून चित्र असतं आणि दोन्ही बाजूंना आकड्यांच्या रांगा असतात तो कागद. मग डॉक्टरांना म्हणा की पहिल्या चार्टवरचे आकडे पण त्याच कॉम्प्युटरमध्ये टाकून बघा. तेव्हाच्या आकड्यांवर पण बी येत असेल तर भाऊ कुठेही घसरलेला नाही, पहिल्यांदा अक्षर काढताना चूक झाली होती एवढाच अर्थ. आणि मग दोन चार्टचे आकडे शेजारी ठेवून बघायला सांगा, कुठे ० चा १ झालाय, कुठे १ चा २ झालाय. माझ्याकडे असे पेशंट झालेत ज्यांचं अक्षर सहा महिने हललं नाही पण हाताचा स्कोअर वाढला, आधी चमचा धरता येत नव्हता तो धरता यायला लागला. अक्षर पाचच आहेत, त्यात एवढं सगळं मावत नाही.

आकडेच खरे कमी झाले असतील, म्हणजे आधी जिथे हालचाल होती तिथे आता नाही, तर मात्र ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला आणि कारण शोधायला लावा, थांबू नका.

आणि भावाला सांगा की बी म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, एस४-५ पर्यंत, काहीतरी निरोप पोचतोय. तिथे टोचल्याचं पण कळत असेल तर ते आम्ही आणखी चांगलं लक्षण मानतो. व्यायाम थांबवला तर सांधे आखडतील, नंतर ताकद आली तरी वापरता येणार नाही, म्हणून अक्षर काहीही असू दे, हातपाय रोज हलवून घ्या, त्यांनी नाही म्हटलं तरी तुम्ही बसा शेजारी.

धाकटा_भाऊ

ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून. दोन्ही कागद आहेत घरी, मी आत्ता काढून बघितले, पहिल्यावर चित्र आणि आकडे आहेत. पहिल्या कागदावर पायाच्या सगळ्या खान्यांत ० आहे आणि तरी खाली सी लिहिलंय. हात दोन्ही वेळा पूर्ण ५. याचा काही अर्थ लागतो का?

कण्याची_फिजिओ

लागतो. पहिल्या कागदावर सगळ्यात वरती किंवा खाली व्हीएसी म्हणजे आवळता येतंय का, त्या जागी हो की नाही काय लिहिलंय ते बघा, आणि शेऱ्याच्या चौकोनात नॉन-की मसल्सबद्दल काही आहे का तेही. दोन्हीकडे "नाही" किंवा रिकामं असेल तर पाठीच्या इजेत पाय पूर्ण ० असताना सी येण्यासारखं काही उरत नाही, म्हणजे बहुतेक तेव्हाही तो बीच होता. व्हीएसी "हो" असेल तर मात्र सी बरोबर होता आणि दुसऱ्या वेळी ते परत नीट तपासायला हवं. दोन्ही कागद घेऊन जा आणि हे असंच विचारा, विचारायला बिलकूल संकोच करू नका.

धाकटा_भाऊ

व्हीएसीपुढे नाही लिहिलंय. शेऱ्याचा चौकोन रिकामा आहे. सोमवारी कागद घेऊन जातोच. भावाला आत्ताच दाखवलं, काही बोलला नाही, पण दोन्ही कागद मागून घेतले आणि बराच वेळ एकेक रांग बोटाने ताडून बघत होता.

रात्रपाळीची_डॉक्टर

अपडेट देते. आज सकाळी सिनियरसोबत परत तपासलं. उजवी मांडी आत ओढायला सांगितली आणि मी हात ठेवला तर एकदम आकुंचन लागलं हाताला, मी जवळजवळ ओरडलेच. सिनियर म्हणाले थांब, परत सांग, आणि या वेळी चादर पायाला लागू देऊ नको. तीनदा सांगितलं, तीनदा काही नाही. मग चादर मुद्दाम पायावरून ओढली, लगेच आकुंचन आलं. म्हणजे ते स्पॅझम होतं, त्याने केलेलं नव्हतं. डावीकडे पण सगळं बघितलं, गुडघा, घोटा, पायाची बोटं, काही नाही. नॉन-कीच्या दोन्ही खान्यांत "नाही" भरलं, एआयएस बीच राहिला, हाताने पण आणि सॉफ्टवेअरने पण.

राऊंडला सी सांगितलेलं मी स्वतः उठून दुरुस्त केलं, सरांना मोजणी दाखवली. पण त्याच्या आईला परवा कोणीतरी "हालचाल आहे" असं सांगून बसलंय. धाकट्या भावाचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून आज ड्युटी संपल्यावर त्यांच्याजवळ बसून चार्टचा कागद दाखवत समजावलं, की अक्षर आम्ही चुकीचं काढलं होतं, त्याच्यात काही बिघडलेलं नाही, हातातली ताकद होती तेवढीच आहे. त्यांनी एकच विचारलं, मग उजव्या हाताचा तो ३ आहे त्याचा ४ कधी बघणार? पुढची पूर्ण तपासणी दोन आठवड्यांनी ठरलीय, तारीख त्यांना लिहून दिली.